वाचकांचे प्रश्न : सालाझारची सत्ता

प्रश्न : सालाझार लष्करातला नव्हता आणि कोणत्या चळवळीतून पुढे आलेला पुढारीही नव्हता. मग अर्थशास्त्राच्या या प्राध्यापकाच्या हाती पोर्तुगालची, आणि ओघाने आमच्या गोव्याची, सत्ता इतकी वर्षे कशी राहिली?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : सत्ता त्याने हिसकावून घेतली नाही, ती तिजोरीच्या वाटेने त्याच्याकडे आली. 28 मे 1926 रोजी लष्कराने तिथले प्रजासत्ताक मोडीत काढले खरे, पण सरकारी जमाखर्चाचा मेळ घालणे काही सेनाधिकाऱ्यांना जमेना. 1928 मध्ये अर्थमंत्रिपद स्वीकारताना कोइंब्रा विद्यापीठातल्या या प्राध्यापकाने अट घातली, की प्रत्येक खात्याच्या खर्चावर आपला नकाराधिकार चालेल. ती मान्य झाली तेव्हाच बाकीचे मंत्री त्याचे मिंधे झाले. 1932 मध्ये मिळालेले पंतप्रधानपद हा माझ्या मते केवळ उपचार होता.

1933 च्या राज्यघटनेवर सार्वमत घेतले गेले, तेव्हा मतदानाला न आलेल्यांची गणनाही संमती देणाऱ्यांत करण्यात आली. मौनाला होकार समजण्याची ही रीत राजवटीच्या अंगवळणी पडली आणि ते मौन मोडू नये म्हणून गुप्त पोलीस, केप व्हर्दे बेटांवरील ताराफालची छळछावणी आणि छपाईपूर्व तपासणी अशी व्यवस्था उभी राहिली. गोव्यात तर लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवल्याशिवाय छापता येत नसे (मुहूर्त मात्र भटजीच काढत, एवढीच काय ती मोकळीक!). 18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, त्या कृतीचे मोल अशा पार्श्वभूमीवर कळते. त्यानंतर गोव्याच्या मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांना थेट पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले.

निवडणुका होत, परंतु त्या धोक्याच्या ठरू लागताच नियम बदलत. 1958 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जनरल देल्गादो यांनी, निवडून आल्यास सालाझारला बडतर्फ करू, असे उघड सांगितले आणि त्यांच्या सभांना तुफान गर्दी लोटली. अधिकृत निकाल सरकारी उमेदवाराच्या बाजूने लागला. तरीही पुढच्याच वर्षी थेट मतदान रद्द करून ती निवड एका निर्वाचक मंडळाकडे सोपवण्यात आली. देल्गादो यांची 1965 मध्ये गुप्त पोलिसांनी स्पेनच्या हद्दीत हत्या केली.

आजारपणामुळे 1968 मध्ये सालाझारला पद सोडावे लागले, तरी त्याने उभी केलेली यंत्रणा चालूच राहिली. आफ्रिकेतील वसाहतींतल्या न संपणाऱ्या युद्धांना कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनीच अखेर 25 एप्रिल 1974 रोजी ती उलथवली.