वही कोरी म्हणून काळजी वाटतेय? लहान मुलांच्या खेळाबद्दल तुमचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात शाळा उघडून महिना झाला की पत्रांचा सूर बदलतो. मे महिन्यात 'कुठल्या शाळेत घालू?' असं विचारणारे आता 'शाळेत नेमकं करतात काय?' असं विचारायला लागतात. त्यातले पाच प्रश्न इथं घेतले आहेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. नर्सरीत घातलाय, फी भरपूर आहे. रोज विचारते, 'आज काय शिकवलं?' तर म्हणतो, 'खेळलो.' वही कोरी. शेजारची त्याच वयाची मुलगी एबीसीडी लिहिते, एक ते शंभर म्हणून दाखवते. शाळा बदलू का? – एक आई, अनगोळ

उत्तर : वही कोरी आहे एवढ्यावरून शाळा बदलू नका. पण तो 'खेळलो' म्हणतो एवढ्यावरून शाळा चांगली आहे असंही धरून चालू नका. तिथं जाऊन बघावं लागेल. काय बघायचं ते सांगते, पण आधी शेजारच्या मुलीचं.

एक ते शंभर म्हणणाऱ्या मुलीसमोर चिंचोक्यांचा ढीग ठेवा आणि म्हणा, 'मला चार दे.' या वयाची बरीच मुलं मूठभर उचलून देतात. आकडे तोंडपाठ असतात, पण 'चार' म्हणजे मोजून थांबायची जागा आहे हे अजून उमगलेलं नसतं. जमलंच तिला, तर पुढचं बघा. पाच चिंचोके ओळीत मांडा, पाच आहेत हे तिच्याकडून मोजून घ्या, मग तिच्या डोळ्यांदेखत ती ओळ लांबवा आणि 'आता किती?' विचारा. ती पुन्हा मोजायला लागेल, किंवा सरळ 'जास्त' म्हणेल. यात तिची काही चूक नाही, त्या वयाची समज तशीच असते. ही समज पक्की होते ती वाटण्या करून, डाव मांडून, 'तुला दोन मला दोन' यावरून भांडून. शंभरपर्यंत घोकून ती एक दिवसही लवकर येत नाही. (तीन वर्षांच्या आतलं भावंड घरात असेल तर चिंचोके, शेंगदाणे, गोट्या त्याच्या हाताला लागू देऊ नका. घशात अडकतात.)

लिहिण्याचंही तसंच. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मताना ती सगळी कूर्चेची असतात आणि वर्षावर्षानं एकेक घट्ट होत जातात. शेवटचं हाड तयार व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. त्याहून महत्त्वाचा बोटांवरचा ताबा. साडेतीन वर्षांचं मूल बऱ्याचदा पेन्सिल मुठीत धरतं आणि खांद्यापासून हात फिरवतं. त्याला चार रेघांच्या वहीत बसवलं की ते अक्षर काढतं, पण पेन्सिल आवळून, दात खाऊन काढतं. तीच पकड पुढं सुटता सुटत नाही. बोटं तयार करायची असतील तर कणीक मळायला द्या, वालाच्या शेंगा सोलायला द्या, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावायला द्या, रांगोळी चिमटीत धरून सोडायला द्या. यातलं एकही काम शिकवणीसारखं दिसत नाही, म्हणून आपण त्याचे पैसे देत नाही.

आता शाळेत काय बघायचं. वर्ग चालू असताना अर्धा तास बसू द्या म्हणून विचारा. खेळणी मुलांच्या हाताला येतील अशी खाली आहेत, की कपाटावर पाहुण्यांसाठी मांडून ठेवली आहेत? कशाशी खेळायचं हे मूल ठरवतं की टीचर? एका खेळात मन लागल्यावर तो पुरा करायला वेळ मिळतो, की दहा-पंधरा मिनिटांत बेल होते? आणि सगळ्यात महत्त्वाचं, टीचर कुठं असतात? मुलांमध्ये खाली बसून 'हा पूल पडला कशानं?' असं विचारत असतील तर शाळा सोडू नका. मुलं एकीकडं आणि टीचर दारात मोबाइल घेऊन उभ्या, असं दिसलं तर तो खेळ नव्हे, नुसती राखण आहे, आणि त्या राखणीला एवढी फी कशाला?

हे माझ्या एकटीचं मत नाही. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा सांगतो की तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ठरावीक पाठ्यपुस्तक असू नये, आणि लेखी परीक्षा तर या वयाला अजिबात योग्य नाहीत. धोरण दिल्लीचं पाळायचं की बेंगळुरूचं, हा मोठ्यांचा वाद. खेळाच्या बाबतीत दोन्हीकडच्या जाणत्यांचं फारसं दुमत नाही. पहिली ते तिसरीच्या मुलांनी फळ्याकडं तोंड करून न बसता गटात, कार्डांवरून, कृतीतून शिकावं, ही 'नलिकली' पद्धत कर्नाटकातल्याच सरकारी शाळांत रुजली. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ती सुरू झाली.

आणखी एक. 'काय शिकवलं?' हा प्रश्न सोडा. 'कुणाबरोबर खेळलास? काय केलंत? भांडण झालं का?' असं विचारा. मग बघा किती बोलतो.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या गावात अंगणवाडी टीचर आहे. तीन ते सहा वयाची मुलं एकाच खोलीत. पावसाळ्यात चार महिने बाहेर काढता येत नाही. खेळणी थोडी, त्यातली निम्मी मोडलेली. आया म्हणतात, 'नुसता खाऊ आणि खेळ, इंग्लिश शाळेत घालतो.' मी काय करू?

उत्तर : टीचर, तुमच्याकडं जे आहे ते शहरातल्या पुष्कळ नर्सऱ्यांकडं नाही. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र आहेत. पाच वर्षांची मुलगी तीन वर्षांच्या पोराला 'असं नव्हे रे, असं' म्हणून दाखवते, तेव्हा दोघं शिकतात आणि तुमचं अर्धं काम होतं. वयानुसार रोज वेगळे बसवू नका. गोष्टीच्या वेळेपुरते हवे तर बसवा.

खेळण्यांचं म्हणाल तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढं हीच अडचण होती. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी गरीब, आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. माँटेसरीची तयार साधनं परवडण्यासारखी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या यांतून साधनं केली. तुमच्या भागात तर याची चंगळ आहे. करवंट्या, मक्याची कणसं, बांबूच्या कांड्या, भाताचं तूस, नदीतले गोल दगड, बाटल्यांची झाकणं. खानापूरच्या कुंभारांकडं फुटकी-तुटकी लहान मडकी सहज मिळतील, फक्त धारदार कडा घासून घ्या. या वस्तूंची गंमत अशी की त्या ठरलेल्या नसतात. प्लास्टिकची मोटार मोटारच राहते, करवंटी मात्र सकाळी कढई असते आणि दुपारी टोपी.

पावसाळा अडचणीचा वाटतो, पण पाण्याचा खेळ याच दिवसांत जमतो. पडवीत एक पसरट घमेलं ठेवा, दोन-तीन लोटे, एक अरुंद तोंडाची बाटली, एक भोक पडलेला डबा. मागं एका अंगणवाडीत मी बघत बसले होते. साडेतीन-चार वर्षांची एक मुलगी लोट्यानं बाटली भरत होती. पाणी सगळं बाहेर. तिनं लोटा उंच धरला, आणखी सांडलं. मग लोट्याचा काठ बाटलीच्या तोंडाला टेकवला, थोडं आत गेलं. थांबून तिनं बाटलीत किती भरलं ते बघितलं. मग बाटली थेट घमेल्यात आडवी बुडवली. बुडबुडे आले, बाटली भरली, आणि तिनं मान वर करून कुणी बघतंय का ते पाहिलं. टीचर दोनदा 'सांडू नको गं' म्हणायला पुढं झाल्या होत्या आणि दोन्ही वेळा थांबल्या, म्हणून हे घडलं. अशा वेळी बोलायचं असेल तर झाल्यावर बोला : 'बुडबुडे कुठनं आले गं?' उत्तर चुकलं तरी चालेल. फक्त पाण्याजवळून क्षणभरही हलू नका आणि खेळ संपला की घमेलं लगेच रिकामं करा.

मण्णेत्तिन अमावास्येला तुमच्याकडं मातीचे बैल होतातच. मुलांना करू द्या. पाय तीन झाले तर तीन. बारीक पाय लावले की बैल बसतो, जाड लावले की उभा राहतो, हे त्यांना दुसऱ्या बैलाला आपोआप कळतं. तुमचा सुबक बैल नमुना म्हणून मधोमध ठेवलात की मुलं स्वतःचा मोडतात आणि 'टीचर, तुमीच करा की' म्हणून मागं लागतात.

आणि आयांचं. त्यांना समजावून सांगत बसू नका, बोलावून बसवा. महिन्यातून एकदा तासभर आयांनीच मुलांबरोबर खेळायचं. आपल्या पोरीनं कवड्या मोजून बरोबर घरं चाललेली एकदा बघितली की ती आई दुसऱ्या आईला सांगते. चौकाबारा या कामासाठी फार चांगला, पाच वर्षांपुढच्यांना. चार कवड्या टाकायच्या, उताण्या मोजायच्या, चारही पालथ्या पडल्या तर आठ. मोजणं, वाट बघणं, हरणं, सगळं एका पटावर.

प्रश्न : नातू चार वर्षांचा, पण भातुकलीशिवाय दुसरं काही खेळत नाही. चपात्या लाटतो, बाळाला झोपवतो. मुलग्यानं असलं खेळावं का? – एक आजोबा, येळ्ळूर

उत्तर : आजोबा, खुशाल खेळू द्या. तो घरात जे बघतो ते करून बघतोय. कुणीतरी आई व्हायचं, कुणी पाहुणा, रिकाम्या कपात चहा आहे असं धरायचं, आणि ठरलेली भूमिका मोडायची नाही. या वयात मन आवरायला शिकण्याची याहून चांगली जागा नाही. तुम्ही पाहुणे होऊन जा. चहात साखर कमी आहे म्हणा आणि पुढं काय होतं बघा.

प्रश्न : घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्लिश. मुलगी चार वर्षांची, एका वाक्यात तिन्ही भाषा घालते. टीचर म्हणतात, घरीही इंग्लिश बोला, नाहीतर गोंधळ होईल. खरं का? – एक वडील, निपाणी

उत्तर : नाही. आपल्या भागात हे घरोघरी चालतं आणि आपण सगळे त्यातूनच आलोय. भाषा मिसळणं म्हणजे गोंधळ नव्हे. जो शब्द आधी हाताला लागतो तो मूल वापरतं. थोड्याच दिवसांत कुणाशी काय बोलायचं हे ते बरोबर ओळखतं. तुमची मुलगी गल्लीतल्या मैत्रिणीला 'बा इल्ली' म्हणते आणि आजीला 'इकडं ये', हे तुम्ही रोज ऐकत असणार.

घरी इंग्लिश बोलण्याचा सल्ला तर मला अजिबात पटत नाही. तुम्ही इंग्लिश बोलायला लागलात की तुमचं बोलणं 'कम', 'सिट', 'ईट' एवढ्यावर येणार. मराठीत तुम्ही तिला रागावता, चिडवता, गोष्ट सांगता, तंबाखूचा भाव का पडला हे आजोबांशी बोलता आणि ती बाजूला बसून ऐकते. मोठी, गुंतलेली वाक्यं तिच्या कानावर पडतात ती तिथं. ती जमली की दुसऱ्या भाषेत उतरायला वेळ लागत नाही. खेळताना तिच्याशी भरपूर बोला. ती दुकान मांडते तेव्हा गिऱ्हाईक व्हा आणि घासाघीस करा.

काळजी कधी करायची तेही सांगते. दोन वर्षं पुरी झाली तरी कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजा. अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, त्यांनाही दाखवता येईल. 'बापही उशिरा बोलला होता' म्हणून थांबू नका.

प्रश्न : मोबाइलवर रंग, आकार, अक्षरं शिकवणारे खेळ असतात. ते चालतील ना? मुलगा साडेतीन वर्षांचा. – एक आई, चिक्कोडी

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं बरं. उलट हालचाल दिवसभरात मिळून किमान तीन तास हवी, त्यातला एक तास तरी दम लागेल अशी. मोबाइलवरचा लाल गोल बोट लावला की टाळ्या वाजवतो, पण तो हातात घेता येत नाही, घरंगळत नाही, कुणाशी वाटून घ्यावा लागत नाही. जेवण भरवताना मात्र मोबाइल नकोच, तेवढं नक्की पाळा.

ता. क. शहापूरच्या एका वडिलांनी विचारलंय की दिवाळीचा किल्ला आतापासून ठरवू का, कारण गेल्या वर्षी गल्लीतल्या पोरांचा त्यांच्यापेक्षा मोठा झाला. तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे ना? मग माती, दगड, पोती आणून द्या, आळीव पेरायची वेळ तेवढी सांगा आणि बाजूला व्हा. बुरूज कोसळेल. दुसऱ्यांदा तो मातीत पाणी कमी घालेल, की दगडांचा पाया घालेल, हे त्याचं त्याला ठरवू द्या. बक्षीस मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुम्हाला फारच हात शिवशिवत असतील तर शेजारी तुमचा वेगळा बांधा.