अक्षौहिणीतला आस

विचारणा अशी: ‘अक्षौहिणी’ म्हणजे मोघम ‘अफाट’, की ठरावीक आकडा? आणि अनेकवचन ‘अक्षौहिण्या’ करायचे का?

ठरावीक आकडा: महाभारतातल्या सेनेचे हे माप, रथ, हत्ती, घोडे, पायदळ मिळून २,१८,७००. निवेदक माईकवरून ‘अक्षोहिणी गर्दी लोटलीय’ म्हणतो तेव्हा मांडवात फार तर तीन हजार माणसे असतात आणि हत्ती एकही नसतो.

महाभारताच्या आदिपर्वात हिशोब चोख दिला आहे. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ, मिळून दहाची पत्ती, म्हणजे सेनेची सर्वांत लहान तुकडी. पुढे सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. दर पायरीला तिप्पट. सात वेळा तिप्पट केली की २,१८७ पत्ती, आणि अशा दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. म्हणजे रथ २१,८७०, हत्ती तितकेच, घोडे ६५,६१० आणि पायदळ १,०९,३५०. यातल्या प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज १८ येते. पर्वे १८, युद्धाचे दिवस १८, म्हणून हा दैवी संकेत, असे डोळे मोठे करून सांगणारे भेटतात. अहो, तीनचा सातवा घात आत बसलाय, नऊने भाग जाणारच. मग बेरीज ९, १८, २७ अशा नऊच्या पटीशिवाय येईल काय? नवल करायचेच तर चमूचे करा. तिच्यातल्या पत्ती ७२९, नऊचा घन आणि सत्तावीसचा वर्गही. त्या ७,२९० च्या सेनेला पुल्लिंगी करून आपण ‘तीन डॉक्टरांचा चमू’ छापतो!

आता निवेदकाची ‘औ’ऐवजी ‘ओ’वाली ‘अक्षोहिणी’. अक्ष + ऊहिनी (समूह). सूर्य + उदय = सूर्योदय, त्या चालीने इथेही ‘ओ’च यायला हवा होता. ‘औ’साठी कात्यायन या व्याकरणकाराला पाणिनीच्या सूत्राला मुद्दाम वार्तिक, म्हणजे पुरवणी नियम, जोडावे लागले. म्हणजे चुकणारा बिचारा नियमाला धरून चुकतो. तरी चुकतोच.

पण खरी मजा अक्षात आहे. काही टीकाकार इथे अक्षाचा अर्थ इंद्रिये असाही काढतात. काढोत बापडे. पत्तीची मांडणी पाहा, एका रथाभोवती बाकीचे नऊ. मोजणी रथाची, आणि रथ मोजायचा तो अक्षावर, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्यावर. हाच अक्ष आपल्या बैलगाडीत ‘आस’ होऊन बसलाय! कुक्षीची कूस, इक्षूचा ऊस, तसा अक्षाचा आस. कारखान्याच्या वाटेवर वंगण संपलेला, करकरणारा आस आणि त्यावर लादलेला ऊस: एकाच गाडीत ‘क्ष’चा ‘स’ दोनदा. माझ्या लेखी अक्षौहिणीचा अर्थ सांगायला कुरुक्षेत्रापेक्षा ही गाडी जवळची.

हां, अनेकवचन राहिलेच. ‘अक्षौहिण्या’ व्याकरणाने बरोबर. पण ‘अठरा’ पुढे लागला की मी ‘अक्षौहिणी’च म्हणतो.