प्रार्थनेला बसल्यावर शब्दच सुचत नाहीत. अशी प्रार्थना देव ऐकतो का?

ऐकतो, आणि त्यासाठी स्वतःच्या भक्तिभावाचे मोजमाप करीत बसण्याची गरज नाही. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायातील 26व्या वचनात पत्राचा लेखक, प्रेषित पौल, स्वतःलाही धरून लिहितो की, प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसते, तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तरीही शब्द हवेच असतील, तर बायबलच्या स्तोत्रसंहितेतील 13वे स्तोत्र सावकाश, मोठ्याने वाचावे. अवघ्या 6 वचनांच्या या स्तोत्रात दावीद राजा पहिल्या 2 वचनांतच 4 वेळा ‘कोठवर?’ असे विचारतो (इतक्या उघड तक्रारीला बायबलमध्ये जागा आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही) आणि अखेरीस देवाच्या दयेवर भरवसा ठेवून गातो. तेवढ्यापर्यंत मन पोहोचत नसेल, तर 88वे स्तोत्र घ्यावे, जे अंधारातच संपते, पण आरंभापासून परमेश्वरालाच उद्देशून बोलत राहते.