उसाच्या अल्कोहोलपासून विमानाचं इंधन आणि प्लास्टिक खरंच बनतं का? यात करिअर करावं का?

तुम्ही विचारलंय की तुम्ही केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात, घरचा ऊस कारखान्याला जातो, आणि इथेनॉलपासून विमानाचं इंधन, प्लास्टिक, रंगाचे सॉल्व्हंट बनणार अशा बातम्या सारख्या वाचायला मिळतात. यात तथ्य किती, आणि या क्षेत्रात पडावं का?

मी आधी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आणि नंतर अल्कोहोलवर चालणाऱ्या केमिकल प्लांटवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात सांगायचं तर रसायनशास्त्र पक्कं आहे आणि जुनंही आहे. प्रश्न साखर किती लागते आणि ती कशावर खर्च करायची, याचा आहे.

इथेनॉलच्या रेणूत दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. त्यातून पाण्याचा एक रेणू काढून घेतला की उरतं ते इथिलीन. साधारण ३०० ते ४५० अंश सेल्सिअसला अल्कोहोलची वाफ ॲल्युमिनाच्या कॅटॅलिस्टवरून (रिॲक्शन घडवून आणणारा, पण स्वतः न संपणारा पदार्थ) सोडली की हे घडतं. रिॲक्शन उष्णता ओढून घेते, त्यामुळे पुढे जाता जाता तापमान पडतं आणि वाफ पुन्हा तापवावी लागते. डिझाइन करणाऱ्याची खरी कसोटी तिथेच असते. इथिलीन हाती आलं की पेट्रोकेमिकलचं निम्मं दुकान उघडतं: पॉलिथिन, ग्लायकॉल, स्टायरिन, पीव्हीसी. ब्राझीलमध्ये ब्रास्केम कंपनीचा त्रिउन्फोचा प्लांट २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून इथिलीन करतोय, सुरुवातीची क्षमता वर्षाला दोन लाख टन. आपल्याकडे उत्तराखंडात काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्स मळीच्या अल्कोहोलपासून इथिलीन ऑक्साइड आणि पुढे ग्लायकॉल बनवते, तेही १९८९ पासून. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांच्या पीईटीत वजनाने साधारण ३० टक्के हिस्सा या ग्लायकॉलचा असतो. ‘अंशतः वनस्पतीजन्य बाटली’ असा दावा केला जातो तो याच हिश्शाच्या जोरावर.

असा दावा तपासताही येतो. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडून राहिलेल्या तेलात कार्बन-१४ उरलेला नसतो, कालपरवा हवेतून कार्बन घेतलेल्या उसात तो असतो. प्लास्टिकचा तुकडा प्रयोगशाळेत दिला की त्यातला किती टक्के कार्बन पिकातला आणि किती तेलातला, हे आकड्यात कळतं. ‘बायो’ लिहिलेल्या कुठल्याही मालाबद्दल आधी हा आकडा मागायची सवय लावून घ्या.

जुनं का म्हणालो तेही सांगतो. पश्चिम बंगालमध्ये रिश्रा इथे १९५९ पासून अल्कोहोलपासून पॉलिथिन बनत होतं. उत्तर प्रदेशात बरेलीला १९६० च्या दशकात अल्कोहोलपासून ब्युटाडाइन आणि त्यापासून टायरचं कृत्रिम रबर तयार होऊ लागलं. आपल्या देशातल्या सेंद्रिय रसायन उद्योगाचा पाया मळीवर उभा राहिलेला आहे, आणि हे कॉलेजात आवर्जून शिकवायला हवं असं मला फार वाटतं. पुढे १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिल कंपनीचा नॅफ्था क्रॅकर, म्हणजे खनिज तेलातला नॅफ्था फोडून इथिलीन काढणारा प्लांट आला, मग बडोद्याचा आला, तेलाचं इथिलीन स्वस्त पडू लागलं आणि अल्कोहोलचे बरेच प्लांट एकेक करून बंद पडले. तंत्रात खोट नव्हती, नॅफ्थाच्या भावापुढे टिकाव लागला नाही.

जे टिकले त्यांच्याकडे बघा, कारण माझा मुख्य मुद्दा तिथे आहे. महाराष्ट्रात कोपरगावजवळ साकरवाडीला, महाडला अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड, इथाइल ॲसिटेट अशी रसायनं आजही मोठ्या प्रमाणात बनतात. इथिलीनवाले बहुतेक गेले आणि हे राहिले, असं का? कागद घेऊन हिशेब करा. १८० किलो ग्लुकोज आंबवलं तर जास्तीत जास्त ९२ किलो इथेनॉल मिळतं, ८८ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. त्या ९२ किलोतून पाणी काढलं की हातात ५६ किलो इथिलीन उरतं. म्हणजे साखरेचं वजन तिसऱ्या हिश्शाच्याही खाली आलं. त्याच ९२ किलो अल्कोहोलपासून थेट इथाइल ॲसिटेट केलं तर हिशेबाने ८८ किलो मिळतं. ॲसेटिक ॲसिड केलं तर हवेतला ऑक्सिजन घेऊन वजन १२० किलोवर जातं. साखरेत निसर्गानेच ऑक्सिजन भरून ठेवलाय. ज्या मालात तो ऑक्सिजन लागतोच, तिथे अल्कोहोल तेलाशी टक्कर देतं. ज्या मालातून तो शेवटच्या कणापर्यंत काढायचा आहे, तिथे अल्कोहोल आपलं जवळपास ४० टक्के वजन गमावून बाजारात उभं राहतं. बिस्किटाच्या पुड्यावरच्या छपाईची शाई इथाइल ॲसिटेटमध्ये कालवलेली असते, औषध कंपन्यांना ते ट्रकच्या ट्रक लागतं. ते बातमीत येत नाही, पण आपल्या अल्कोहोलचा सगळ्यात शहाणा उपयोग मला तोच वाटतो.

प्लांटवरच्या दोन गोष्टी सांगतो, म्हणजे पुस्तकाबाहेरचं चित्र डोळ्यांसमोर येईल. पहिली, डिस्टिलरीतला मॉलिक्युलर सीव्ह. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल ९५-९६ टक्क्यांच्या पुढे जात नाही, पाणी आणि अल्कोहोल त्या प्रमाणात एकत्रच उकळतात. ते शेवटचं पाणी काढायला झिओलाइटच्या मण्यांनी भरलेली दोन भांडी असतात. त्या मण्यांमधली छिद्रं तीन अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू आत शिरतो, अल्कोहोलचा बाहेरच राहतो. एक भांडं पाणी धरत असताना दुसरं व्हॅक्युमवर कोरडं होत असतं, आणि काही मिनिटांनी व्हॉल्व्ह खटाखट बदलून पाळी फिरते. पेट्रोल पंपावर जाणारं प्रत्येक लिटर इथेनॉल अशा एखाद्या यंत्रणेतून सुकून आलेलं असतं. दुसरी गोष्ट ॲसिटाल्डिहाइडची. ते साधारण २० अंशालाच उकळतं. म्हणजे आपल्या एप्रिल-मे महिन्यात ते द्रवरूपात राहायलाच तयार नसतं. टाकीवर चिलरचं पाणी चोवीस तास फिरवत ठेवावं लागतं, वीज गेली की पहिला फोन युटिलिटीला, म्हणजे वाफ-वीज-थंड पाणी सांभाळणाऱ्या विभागाला जातो. नाकात शिरणारा तो उग्र वास एकदा आला की विसरत नाही.

आता विमान. इथिलीनमध्ये कार्बन दोनच, विमानाच्या इंधनाला हवेत आठ ते सोळा. म्हणून इथिलीनचे रेणू रेल्वेच्या डब्यांसारखे एकाला एक जोडत न्यायचे, मग हायड्रोजन देऊन ते स्थिर करायचे, आणि शेवटी ऊर्ध्वपातनाने योग्य लांबीचा भाग वेगळा काढायचा. आयसोब्युटेनॉल हे चार कार्बनचं अल्कोहोल वापरलं तर जोडणी सोपी होते: दोन जोडले की आठ, तीन जोडले की बारा. अमेरिकेतल्या गेव्हो कंपनीने हाच रस्ता धरला. २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या फ्रान्सेस अर्नोल्ड तिच्या संस्थापकांपैकी एक. आयसोब्युटेनॉल थोडं जरी साठलं तरी यीस्टला सोसत नाही, म्हणून आंबवणं चालू असतानाच ते सतत ओढून काढावं लागतं. मिनेसोटातल्या लुव्हर्नच्या प्लांटवर २०१२ मध्ये मोठ्या प्रमाणावर सुरुवात झाली, पण त्याच वर्षी ते थांबवून काही काळ पुन्हा साध्या इथेनॉलकडे वळावं लागलं. तरी काम पुढे गेलं. आयसोब्युटेनॉलपासूनच्या विमान इंधनाला २०१६ मध्ये मानकांत जागा मिळाली, इथेनॉलपासूनच्या इंधनाला २०१८ मध्ये, आणि ते नेहमीच्या इंधनात ५० टक्क्यांपर्यंत मिसळायची परवानगी आहे. आपल्याकडे १९ मे २०२३ ला एअरएशिया इंडियाचं विमान पुण्याहून दिल्लीला गेलं. त्यात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून केलेलं असं इंधन होतं. प्रमाण एक टक्क्यापर्यंतच होतं, पण ते उडालं याचा मला मनापासून आनंद झाला.

आनंद बाजूला ठेवून हिशेब करू. हिशेबाने एक लिटर विमान इंधनाला साधारण १.६ लिटर इथेनॉल लागतं, प्रत्यक्षात थोडं जास्त, १.७ धरू. एक टन उसाच्या रसापासून साधारण ७० लिटर इथेनॉल, म्हणजे ४० लिटर विमान इंधन. पुणे-दिल्ली मार्गावरचं नेहमीचं विमान दोन तासांत ढोबळमानाने ६,००० लिटर इंधन पितं. ते सगळं उसाचं करायचं तर १५० टन ऊस लागेल. एकरी ४० टन धरले तर जवळपास चार एकरांचं वर्षभराचं पीक, एका फेरीला, साखर एक कणही न काढता.

भावाचं गणितही असंच आहे. सी-हेवी मळीच्या (साखर पूर्ण काढून झाल्यावर उरणाऱ्या शेवटच्या मळीच्या) इथेनॉलला २०२४-२५ मध्ये सरकारी दर लिटरला ५८ रुपयांच्या आसपास होता, मक्याच्या इथेनॉलला ७२ च्या आसपास. १.७ ने गुणा: नुसता कच्चा मालच जवळपास १०० ते १२० रुपये. २०२५ मध्ये दिल्लीत नेहमीचं विमान इंधन राज्याचा कर सोडून लिटरला ८० ते १०० रुपयांच्या दरम्यान होतं. प्लांटचा खर्च अजून धरलाच नाही. म्हणून सक्ती असल्याशिवाय हे इंधन कोणी विकत घेणार नाही. केंद्राने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के असं लक्ष्य ठेवलंय, ते यासाठीच.

‘हरित’ या शब्दाबद्दलही सावध राहा. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या उत्सर्जनाचा हिशेब ठेवणाऱ्या कॉर्सिया योजनेत साध्या इंधनाचं उत्सर्जन ऊर्जेच्या दर मेगाज्यूलला ८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतकं धरलंय. ब्राझीलच्या उसाच्या इथेनॉलपासूनचं इंधन त्या यादीत ३० ते ३५ च्या घरात येतं. अमेरिकन मक्याच्या इथेनॉलपासूनचं, पिकासाठी नवी जमीन लागवडीखाली आल्याचा हिशेब धरला तर, ९० च्या पुढे जातं. म्हणजे पीक, जमीन, खत आणि बॉयलरमध्ये काय जळतं यावर सगळं ठरतं. उसाला बगॅसचा, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडाचा आधार आहे, वाफ आणि वीज घरचीच. पण मराठवाड्यातलं टँकरचं पाणी बघितलेल्या माणसाने, आणखी ऊस लावून विमानं उडवू, असं म्हणू नये. ७ डिसेंबर २०२३ ला साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर एका आदेशात बंधनं आली, ती पुढच्या ऑगस्टमध्ये उठली. तोवर तुमच्या-माझ्या भागातल्या कारखान्यांनी कर्ज काढून उभारलेल्या डिस्टिलऱ्यांचं काय झालं ते तुम्ही घरी ऐकलंच असेल.

माझं स्पष्ट मत असं की, गाड्यांमध्ये जाळण्यासाठी साखरेचा कार्बन वापरणं हा त्याचा सगळ्यात हलका उपयोग आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी, आणि गाडी विजेवरही चालू शकते. सॉल्व्हंटला, बाटलीला, औषधाच्या कच्च्या मालाला कार्बनच लागतो, तिथे वीज चालत नाही. लांबच्या विमानालाही आज दुसरा मार्ग नाही, पण ते इंधन शेतातल्या काडीकचऱ्यापासून व्हावं. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून दिवसाला एक लाख लिटर इथेनॉलचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. पेंढा गोळा करणं, त्यातली माती-वाळू काढणं, लिग्निनच्या (काडीला कडकपणा देणाऱ्या चिवट घटकाच्या) तावडीतून साखर सोडवणं, हे सगळं अवघड आहे. चांगल्या इंजिनिअरची गरज तिथेच आहे.

तर या क्षेत्रात यावं का? या, पण ‘इथेनॉल’ एवढं एकच नाव डोक्यात ठेवून येऊ नका, धोरण फिरलं की नोकऱ्या फिरतात. कॅटॅलिसिस आणि सेपरेशन हे दोन विषय घट्ट करा, फर्मेंटेशन जमेल तेवढं शिका. स्पेंटवॉशची, म्हणजे अल्कोहोल काढून झाल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याची प्रक्रिया शिकाच. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो, आणि ते सांभाळता येणारा माणूस कुठलीही डिस्टिलरी सोडत नाही. अबकारीचे नियमही वाचा. औद्योगिक अल्कोहोलवर राज्याचा अधिकार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये बरेलीच्याच त्या रबर कंपनीच्या खटल्यात म्हटलं होतं. २३ ऑक्टोबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने ते बदललं. प्लांट कुठल्या राज्यात टाकायचा, याचा विचार आता या निकालासकट करावा लागतो. सुट्टीत इंटर्नशिप बघत असाल तर नुसती डिस्टिलरी घेऊ नका, अल्कोहोल विकत घेऊन पुढचं रसायन बनवणारा प्लांट शोधा, आणि तिथे एक टन मालाला किती लिटर अल्कोहोल लागतं हा आकडा पहिल्याच दिवशी विचारा.