निघण्याआधी घरी काय बोलावं

परदेशात नोकरी पक्की झालीय, आई-बाबा सत्तरी ओलांडलेले, धाकटी बहीण त्यांच्याजवळ राहते आणि पैशांचा विषय काढला तर ते दुखावतील अशी भीती आहे, असं तुम्ही लिहिलंय. बरीच वर्षं बाहेर राहून सांगतो, विषय काढाच. पण आधी बहिणीशी बोला.

तुम्ही गेल्यावर दवाखान्यात तीच बसणार, अपरात्री फोन आला की तीच धावणार. तिला एकटीला गाठून विचारा: किती झेपेल, काय अजिबात जमणार नाही, रजा किती मिळते. दरमहा पैसे पाठवले की आपली जबाबदारी संपली, असं कृपया मानू नका. माझ्या भावाने मला स्पष्ट सांगितलं होतं, पैसे नकोत, वर्षातून एकदा पूर्ण मोकळीक हवी. आता मी जातो तेव्हा तो आणि वहिनी बाहेरगावी जातात, घर मी सांभाळतो. विम्याचे दावे, बिलं, डॉक्टरांची वेळ घेणं ही कामं लांबूनही होतात. ती तुम्ही अंगावर घ्या.

मग आई-बाबा. "किती शिल्लक आहे?" असं विचारलंत तर हिशेब मागितल्यासारखं होतं. "दोघांपैकी एकच राहिलं तर कुठे राहायला आवडेल?" इथून सुरुवात करा, पैसा आपोआप बोलण्यात येतो. बाबा चिडले तर त्या दिवशी सोडून द्या. आईशी मात्र स्वतंत्र बोला. आपल्या नावावर काय आहे हे पुष्कळदा तिलाच ठाऊक नसतं.

कागदपत्रांत सगळ्यात मोठा गैरसमज मुखत्यारपत्राचा, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाचा. ते केलं की निश्चिंत, असं लोक समजतात. पण 1872 च्या करार कायद्यानुसार, करून देणाऱ्याचं मानसिक भान हरपलं की मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे स्मृतिभ्रंशात, नेमकी गरज असते तेव्हाच ते निकामी, आणि पुढे कोर्टाची वाट. म्हणून खाती आताच संयुक्त करून घ्या आणि मृत्युपत्र तब्येत ठणठणीत असताना होऊ द्या. त्याला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. खात्यावर नॉमिनी असला म्हणून तो मालक होत नाही, हेही बहिणीसमोरच बोलून घ्या, म्हणजे पुढे मनं कलुषित होणार नाहीत.

आरोग्य विमा नसेल तर लगेच बघा. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे (2024 पूर्वी चार होता), त्यामुळे जितका उशीर तितकं ते संरक्षण लांबतं. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान कार्ड मिळतं, त्यावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. अतिदक्षता विभागात कुठवर उपचार करायचे याचं इच्छापत्रही करता येतं. 2023 पासून ते दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं. हा विषय माझ्या आईनेच काढला होता, आणि तिला तो काढून हलकं वाटलं.

परदेशी गेल्यावर तुमचं स्वतःचं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) करावं लागेल. आई-बाबांना पाठवलेल्या पैशांवर त्यांना आयकर पडत नाही, हे बाबांना सांगा. काहीजण त्या धास्तीनेच नको म्हणतात. भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवा. आणि बाबा दवाखान्यात असताना बँकेचा ओटीपी त्यांच्या बंद फोनवर अडकतो, तेव्हा तो फोन बहिणीला उघडता येतो ना, एवढं निघण्याआधी तपासून घ्या.