वाचकांचे प्रश्न: वीज कोणी वाचवायची?

प्रश्न: आमची सात मजली, 28 सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. सामाईक वीजबिल वाढल्यामुळे मागील सभेत असे ठरले की, घरकाम करणाऱ्या महिलांनी आणि सामान पोहोचवणाऱ्या मुलांनी लिफ्ट वापरू नये आणि वॉचमनच्या केबिनमधील पंखा फक्त दुपारी 12 ते 4 चालवावा. मी हरकत घेतली, तेव्हा ‘वीज वाचवायला तुमचा विरोध आहे का?’ असे मला विचारण्यात आले. माझ्याकडे येणाऱ्या मावशी साठीच्या घरात आहेत आणि त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. पुढच्या सभेत मी काय मांडावे?
— एक सभासद, पिंपरी-चिंचवड

उत्तर: आपली हरकत योग्य होती. ती पुन्हा मांडताना सामाईक मीटरची मागील 12 महिन्यांची बिले सोबत ठेवावीत, कारण आपल्या सभेने बिल कशामुळे वाढले हे न पाहताच ते कोणामुळे वाढले हे ठरवून टाकलेले दिसते.

लिफ्टपासूनच सुरुवात करू. दोरावर चालणाऱ्या नेहमीच्या लिफ्टमध्ये पाळण्याच्या, म्हणजे आपण उभे राहतो त्या डब्याच्या, विरुद्ध बाजूला एक समतोल वजन लावलेले असते आणि ते रिकामा पाळणा अधिक पूर्ण क्षमतेच्या साधारण 40 ते 50 टक्के भार एवढे ठेवतात. म्हणून एकटी व्यक्ती वर जात असते तेव्हा पाळण्याची बाजू हलकीच असते आणि मोटरला तिला वर ओढण्याचे कष्ट फारसे पडत नाहीत. मोटरचा जोर लागतो तो जवळजवळ रिकामा पाळणा खाली आणताना. मावशींना जिना चढायला लावून वाचणारी वीज किती थोडी असेल, हे यावरून समजावे. शिवाय गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना उपविधींनुसार (नियमावलीनुसार) लिफ्ट चालवण्याचा खर्च सर्व सभासद समान वाटून घेतात. मावशी वर येतात त्या आपल्याच घरच्या कामासाठी, आणि त्या कामासाठी लागणाऱ्या लिफ्टचे पैसे आपण आधीच भरलेले असतात.

आता पंखा. साधा छताचा पंखा सुमारे 75 वॅटचा असतो. तो चोवीस तास चालला तरी महिन्याला 54 युनिट होतात. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचा, पंखा बसवला तर तेच काम 30 वॅटच्या आसपास होते आणि 22 युनिट पुरतात. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या केबिनमध्ये बारा तास बसणाऱ्या माणसाला चारच तास वारा मिळावा, हा ठराव करताना सभेत कोणाला संकोच वाटला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खरी वीज जाते ती पंपाला. पाच अश्वशक्तीचा पंप ताशी सुमारे चार युनिट घेतो. तो रोज पाच तास चालत असेल तर महिन्याला 600 युनिट झाले. वरची टाकी भरून वाहते का, फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपच्या तळाची झडप) गळतो का, पंप जुना होऊन कमी पाणी चढवतो का, हे प्लंबरकडून तपासून घ्यावे. जिने आणि पार्किंगमध्ये अजून चोकच्या जुन्या ट्यूबलाइट असतील, तर अशा 28 नळ्या रात्रीचे बारा तास पेटून महिन्याला सव्वापाचशेच्या आसपास युनिट खातात; 20 वॅटच्या एलईडी पट्ट्यांना दोनशे पुरतात. छप्पर मोकळे असेल तर 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत संस्थांना सामाईक वापराच्या सौर संचासाठी प्रति किलोवॅट 18,000 रुपये अनुदानाची तरतूद आहे, तिचीही चौकशी करावी.

‘घरातला एसी आमच्या मीटरवर चालतो, त्याचा इथे काय संबंध?’ असे कोणी विचारील. हिशेबापुरते ते बरोबर आहे. परंतु सभेत वीजबचत हे कर्तव्य म्हणून सांगितले जात असेल, तर दीड टनाचा एसी एका रात्रीत जेवढी वीज घेतो, तेवढ्यात केबिनमधील पंखा जवळजवळ चार दिवस चालतो, हेही त्याच सभेत सांगावे. ठरावाने ज्यांच्यावर बंधन येते, त्यांना सभेत बसण्याचा अधिकार नाही. म्हणून त्यांच्या वतीने बोलणे आपल्याकडे आले आहे.

प्रश्न: आम्ही चाळीत भाड्याने राहतो. सहा खोल्यांना मिळून एकच मीटर आहे. आमचा वापर महिन्याला 70 युनिट असूनही मालक सब-मीटरवरून युनिटला 14 रुपये घेतात. स्वतंत्र मीटर मिळेल का?
— एक भाडेकरू, ठाणे

उत्तर: वीज कायदा, 2003 च्या कलम 43 नुसार जागेचा मालक किंवा तेथे राहणारा, यांपैकी कोणीही जोडणीसाठी अर्ज करू शकतो, भाडेकरार आणि ओळखपत्र घेऊन वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात जावे. आपले नुकसान कुठे होते तेही लक्षात घ्यावे. घरगुती दरात पहिल्या 100 युनिटचा टप्पा सर्वांत स्वस्त असतो आणि स्वतंत्र मीटरवर आपला सगळा वापर त्यातच बसला असता. एका मीटरवर सहा घरे आल्याने तो टप्पा वाटला जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला 17 युनिटही येत नाहीत. मीटर मिळेपर्यंत मालकांना मूळ बिल दाखवण्याची विनंती करावी, त्यातील एकूण रकमेला एकूण युनिटने भागावे आणि येईल त्याच दराने पैसे घ्यावेत असे सहाही घरांनी मिळून सांगावे.