घडाघडा वाचतो, पण कळत नाही

"मॅडम, वाचतो घडाघडा, पण काय वाचलंस विचारलं की गप्प!" सांगलीत मुलांच्या वाचनाच्या अडचणी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या पालकांकडून हे वाक्य सारखं ऐकते. त्यांतल्याच एका मुलाबद्दल लिहिते, पालकांना विचारून आणि ओळख झाकून.

मुलगा तिसरीत. घरची द्राक्षबाग तासगावकडे. शाळेसाठी आई त्याला घेऊन विश्रामबागला राहिलेली. रोज दोन पानं शुद्धलेखन, शिकवणी, उरलेला वेळ मोबाईल. घरी गप्पा कशावर होतात, असं आईला विचारलं.

"गप्पा कसल्या? अभ्यास झाला का, जेवलास का. गावाकडची भाषा तोंडात बसेल म्हणून आजोबांशीही फार बोलू देत नाही."

गाठ इथे होती. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक सूत्र मांडलं. अक्षरं उलगडणं आणि बोललेली भाषा समजणं यांचा गुणाकार म्हणजे वाचलेलं कळणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू तोकडी पडली की दुसरी कितीही वाढवा, उत्तर छोटंच येतं. या मुलाची अक्षरं पक्की होती आणि घरचे अक्षरांवरच आणखी मेहनत घेत होते.

मी पुस्तक मिटलं. "आजोबा बेदाणा कसा करतात रे?"

"द्राक्षं औषधात बुडीवत्यात. मग शेडात जाळीवर पसरत्यात."

"पसरली की लगेच बेदाणा?"

"छ्या! वाळाय पायजे की. मधीच पाऊस आला तर काळी पडत्यात, मग भाव येत न्हाई."

आई "पडतात म्हण" म्हणायला लागली, तिला मी हातानेच थांबवलं. क्रम, कारण, अट, सगळं त्या दोन उत्तरांत होतं. धड्यातला परिच्छेद समजायला याहून वेगळं काय लागतं? त्याचे शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवले आणि त्यालाच वाचायला दिले. वाचता वाचता तो थांबला. "मॅडम, ह्यात गंधकाची धुरी ऱ्हायली."

वाचलेल्यात काय नाही, हे त्याला कळलं होतं! माझ्या कामातले असे क्षण मी जपून ठेवते. बोलीत विचार करणारं मूल मागे पडतं, हे मला कधीच पटलेलं नाही; त्या दिवशी आईलाही ते दिसलं.

मग आजोबांचा फोन रोजचा झाला. झोपताना आई गोष्ट मोठ्याने वाचू लागली. पुस्तकी मराठी आधी कानावर पडली की डोळ्यांना परकी वाटत नाही. मध्येच थांबून "आता काय होईल? का?" एवढं विचारायचं, परीक्षा घ्यायची नाही. धडा वाचण्याआधी त्या विषयावर पाच मिनिटं गप्पा. प्रवासात भेंड्या, कारण शेवटचं अक्षर पकडताना कान आवाजांना सरावतो.

"मग शुद्धलेखन बंद करू?" आईने विचारलं. बंद नको, दोन पानं उतरवण्याऐवजी त्याने सांगितलेल्या चार ओळी त्यालाच लिहू द्या. मात्र ज्या मुलाचं अक्षरांशीच अडतं, त्याला नुसत्या गप्पा पुरणार नाहीत, अक्षरओळख वेगळी घ्यावी लागेल. आणि हाक मारल्यावर मूल वारंवार "काय?" म्हणत असेल, तर आधी कान तपासून घ्या.